पाहुण्यांना वाजवून दाखव

आमच्या मिरजेच्या घरी पाहुणे आले, की चहाला आधण येईपर्यंत आईची हाक यायची, "अरे, काकांना जरा तबला वाजवून दाखव." काका कोणीही असत. वडिलांच्या ऑफिसातले, लग्नाची पत्रिका द्यायला आलेले, एकदा तर विम्याचा हप्ता मागायला आलेले. मी डग्ग्यावरचं फडकं काढायचो, हातोडीने उगाच दोन गट्टे ठोकायचो, एक कायदा आणि तीन पलटे वाजवून मोकळा व्हायचो. पाहुणे मान डोलवत. "वा! कितवीत आहेस?" पोह्यांच्या बशा आल्या की मैफल संपली.

पाहुणा खरंच ऐकणारा निघाला तर काय होतं, हे कळायला मात्र मला पस्तीस वर्षं आणि नॉर्थ कॅरोलायना लागलं.

मी राहतो त्या गावाचं नाव लिहिताना डरहॅम, बोलताना डरम. एकेकाळचं तंबाखूचं गाव. विटांच्या जुन्या वखारींत आता कचेऱ्या आणि कॉफीची दुकानं आहेत. पावसाळी हवेत त्या भिंतींना अजून तंबाखूचा गोडसर वास येतो असं जुने लोक सांगतात. मला कधी आला नाही. गावात दोन विद्यापीठं. एक ड्यूक, श्रीमंत, दगडी कमानींचं. दुसरं नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल, १९१० साली कृष्णवर्णीय मुलांसाठी सुरू झालेलं. आम्ही मराठी माणसं इथे आलो ती बहुतेक रिसर्च ट्रँगल पार्कमधल्या नोकऱ्यांपायी. गणपती, दिवाळी, रविवारची मराठी शाळा, उन्हाळ्यात आईवडिलांना आणणं-पोचवणं, यात वर्ष कसं सरतं कळत नाही. दोन्ही विद्यापीठांत जॅझ शिकवतात आणि परगावाहून आलेल्या वादकांच्या कार्यशाळा पुष्कळदा कोणालाही फुकट बसून ऐकता येतात, याचा पत्ता मला इथे सात वर्षं काढल्यावर लागला. तोही वाचनालयाच्या फळ्यावर, 'हरवलेलं मांजर' आणि 'सोफा विकणे आहे' यांच्या मधोमध.

ज्या कार्यशाळेबद्दल सांगतोय ती यांपैकी कोणत्या विद्यापीठात झाली आणि आलेले वादक कोण, ते लिहीत नाही. ना त्यांना विचारलंय, ना त्या मुलांना.

पाहुणे बेस वाजवणारे. सत्तरी ओलांडलेली, डोक्यावर लोकरी टोपी, पायऱ्या उतरताना कठड्याला घट्ट धरणारे. बेस म्हणजे माणसाहून उंच वाद्य. विमानातून नेणं हा एक उपद्व्यापच असतो, म्हणून परगावी जाणारे बेसवादक बहुधा तिथलंच वाद्य मागून घेतात. आपल्या तबलजींना दुसऱ्याची जोडी दिली तर अर्धा तास कुरकुर ऐकावी लागेल. यांनी विभागाचा बेस हातात घेतला, चारही तारा एकेकदा छेडल्या, "याला बरेच दिवस कोणी जेवू घातलेलं नाही" एवढंच म्हणाले, तो भिंतीला टेकवला आणि सरळ मागच्या रांगेत, माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून, जाऊन बसले. पुढे पाच मुलं उभी. टेनर सॅक्सोफोन, ट्रम्पेट, पियानो, बेस आणि ड्रम्स. चेहऱ्यांवर तोच भाव, जो आईने हाक मारल्यावर माझ्या चेहऱ्यावर असायचा.

मुलांनी एक जुनं गाणं वाजवायला घेतलं. जॅझमध्ये असल्या गाण्यांना स्टँडर्ड म्हणतात. ब्रॉडवेच्या नाटकांतली नाहीतर सिनेमातली नव्वद-शंभर वर्षांपूर्वीची गाणी. आपण नाट्यपदं घेऊन रागविस्तार करतो तसं हे लोक ती घेऊन बसतात. या गाण्यांचा एक ठरलेला साचा असतो. आठ बारचा एक तुकडा, तो पुन्हा एकदा, मग आठ बारचा वेगळा तुकडा ज्याला ब्रिज म्हणतात, आणि शेवटी पहिला तुकडा परत. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बोटांवर मोजत बसलो होतो. स्थायी, स्थायी, अंतरा, स्थायी! चार मात्रांचा एक बार, असे बत्तीस, म्हणजे एकशे अठ्ठावीस मात्रा, म्हणजे तीनतालाची आठ आवर्तनं. एवढं मोठं चाक सगळे मिळून फिरवतात आणि एकेक जण त्यावर स्वार होऊन आपलं म्हणणं मांडतो. हे कळलं त्या दिवशी जॅझ मला आपल्याच वाड्यातलं वाटायला लागलं. फक्त टाळीचा घोटाळा अजून मिटलेला नाही. इथे टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर देतात. माझा हात समेवर पडल्यावाचून राहत नाही. एका मैफलीत शेजारच्या आजींनी माझा हातच धरला होता.

मुलं सफाईने वाजवत होती. बोटं भराभर पळत होती. सॅक्सवाल्याने तर चार-चार स्वरांचे असे गोफ विणले की मी तोंड उघडं टाकून ऐकत होतो. संपलं. पाहुणे काही बोललेच नाहीत. ते मौन एवढं लांबलं की मुलांचे मास्तर घसा खाकरले.

मग पाहुण्यांनी सॅक्सवाल्याला विचारलं, "हे गाणं कशाबद्दल आहे?"

पोरगा म्हणाला, "बी फ्लॅटमध्ये आहे, सर."

खोलीत हशा पिकला. पाहुणे हसले नाहीत. त्यांनी तोच प्रश्न ट्रम्पेटला विचारला, मग पियानोला. शब्द कोणालाच येत नव्हते. कुठून शिकलात? पुस्तकातून. फोनमधल्या अ‍ॅपमधून. या पुस्तकाचीही गंमत आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यात बोस्टनच्या बर्कली कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी शेकडो गाणी हाताने उतरवून त्याच्या चोरट्या प्रती काढल्या आणि 'रिअल बुक' या नावाने त्या फोटोकॉपीच्या दुकानांतून जगभर पसरल्या. त्यातले चुकीचे कॉर्ड्‌स बायबलासारखे पाठ करून पिढ्या वाजवत राहिल्या. रीतसर परवानगी घेऊन छापलेली आवृत्ती यायला २००४ साल उजाडावं लागलं. पण चुकीच्या कॉर्ड्‌सचं त्या म्हाताऱ्या माणसाला काही वाटत नसावं. त्यांनी उठून घोगऱ्या आवाजात गाण्याच्या चार ओळी म्हटल्या. कोणीतरी कोणालातरी सोडून गेलं आहे आणि घरात दिवा तसाच जळतो आहे, असं काहीसं. म्हणून झाल्यावर ड्रमवाल्या मुलाकडे वळले. "आता हेच गाणं मला तुझ्या ड्रमवर ऐकव. ताल नको. गाणं."

तो मुलगा गोंधळला. अंगाने थोराड, पण चेहरा अजून शाळकरी. त्याने ड्रमवर हलकेच फिरवायचे तारांचे ब्रश घेतले, काठ्या घेतल्या, पुन्हा ब्रश घेतले. दोन ओळी त्याने कशाबशा काढल्या. तिसरीला अडला आणि म्हणाला, "मला शब्द माहीत नाहीत." "आता दोन ओळींचे माहीत झाले ना," पाहुणे म्हणाले आणि पुढच्या उद्योगाला लागले.

तो उद्योग म्हणजे वायर काढणं. विद्यार्थ्याच्या बेसला अ‍ॅम्प्लिफायर जोडला होता. पाहुण्यांनी वाकून, गुडघ्यावर हात ठेवून, त्याचा प्लग भिंतीतून काढला. म्हणाले, "परत वाजवा. बेस ऐकू आला नाही तर थांबायचं."

मुलांनी सुरू केलं. चार बारांत थांबली. पुन्हा सुरू केलं. ड्रमवाल्याने राइड सिंबलवरचा जोर अर्ध्याने उतरवला, पियानोवाल्याने डावा हात मांडीवर ठेवला. तिसऱ्या खेपेला सॅक्सवाला एवढ्या हळू फुंकायला लागला की त्याच्या श्वासाचा आवाज स्वरांत मिसळला. आणि मग बेस ऐकू आला. लाकडाचा, जाड, चालत येणाऱ्या माणसाच्या पावलांसारखा. खोलीतल्या एअर कंडिशनरची घरघर इतका वेळ होती हे तेव्हा लक्षात आलं. पाच मुलं एकमेकांकडे बघत वाजवत होती. आधीच्या वेळी प्रत्येक जण आपापल्या स्टँडवरच्या कागदाकडे किंवा आपल्या बुटांकडे बघत होता. हा फरक सांगायला त्या मनुष्याने 'ऐका' हा शब्द दोन तासांत एकदाही वापरला नाही.

जॅझवाले असल्या कार्यशाळेला 'क्लिनिक' म्हणतात. मुलं आजारी आणि आलेला वादक डॉक्टर. शब्द मला आवडत नाही, पण अगदीच चुकीचा म्हणता येत नाही. नाडी बघून, एक पुडी देऊन हा डॉक्टर दुसऱ्या दिवशी गावाला जातो.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी जॅझ पियानो वाजवणाऱ्या मेरी लू विल्यम्स यांच्याबद्दल वाचत बसलो. नाव आधीपासून माहीत होतं, कारण ड्यूकमधल्या कृष्णवर्णीय संस्कृतीच्या केंद्राला १९८३ पासून तेच नाव आहे आणि मी त्याच्यावरून कित्येकदा गेलोय. पण बाई कोण हे धड ठाऊक नव्हतं. आता त्या माझ्या मनात केसरबाई, मोगूबाई यांच्या रांगेत मेरी लूबाई म्हणून बसल्या आहेत.

१९१० चा जन्म, बालपण पिट्सबर्गला. आई पायपेटीचा ऑर्गन वाजवायची आणि वाजवताना तान्ह्या मुलीला मांडीवर घेऊन बसायची. एक दिवस मांडीवरच्या पोरीने हात पुढे करून आईने नुकतीच वाजवलेली सुरावट वाजवली. आई एवढी दचकली की पोर मांडीवरून खाली पडली. बाईंनी पुढे आपल्या आठवणींत हे सांगितलंय, आणि त्यापुढचं जे सांगितलंय ते वाचून मी पुस्तक मिटून बसलो. आईने मुलीला शिक्षक लावायला साफ नकार दिला. कारण ती स्वतः शिक्षकाकडे शिकली होती, कागदावरचं वाचून वाजवायला लागली होती, आणि त्यात तिची आपल्या मनाने वाजवण्याची शक्ती निघून गेली होती. मुलीचं तसं होऊ नये म्हणून तिने काय केलं? घरी वादकांना बोलवायला सुरुवात केली. ते येत, वाजवत. मुलगी ऐकत बसे.

म्हणजे शिक्षक नाही, पाहुणे.

पुढे हीच मुलगी विशीत कॅन्सस सिटीच्या अँडी कर्कच्या बँडमध्ये पियानो वाजवू लागली, त्या बँडसाठी वाद्यरचना लिहू लागली. १९४० च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये त्यांचं घर म्हणजे तरुण वादकांचा अड्डा झालं. थेलोनिअस मंक, बड पॉवेल, डिझी गिलेस्पी रात्रीचं काम संपवून पहाटे त्यांच्याकडे यायचे, पियानोवर काहीबाही वाजवून दाखवायचे आणि बाईंचं मत विचारायचे. इथे पाहुणे विद्यार्थी होते, एवढाच काय तो फरक. या मंकचा जन्म आमच्या राज्यातल्या रॉकी माउंटचा आणि जॉन कोल्ट्रेनचा हॅम्लेट नावाच्या गावचा. तंबाखू आणि कापसाच्या या मुलुखातून केवढी माणसं उत्तरेला गेली! मेरी लूबाई मात्र उलट्या दिशेने, म्हातारपणी इकडे आल्या. १९७७ साली ड्यूकने त्यांना निवासी कलाकार म्हणून बोलावलं, तेव्हा त्या सदुसष्ट वर्षांच्या होत्या. याच विद्यापीठाने पदवीच्या वर्गांत पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी घेतले होते १९६३ साली, जेमतेम चौदा वर्षांपूर्वी.

बाई जॅझचा इतिहास शिकवायच्या आणि मुलांचा बँड चालवायच्या. त्यांच्याकडे जॅझच्या झाडाचं एक चित्र असायचं. मुळाशी 'यातना' असा शब्द, आणि खोडावरून वर चढत स्पिरिच्युअल्स, रॅगटाइम, स्विंग, बीबॉप. पुस्तकातून हे येत नाही असं ठामपणे मानणारी बाई पुस्तकांच्या त्या एवढ्या मोठ्या कोठारात पगारी नोकरीला होती आणि त्यात त्यांना काही विसंगत वाटत नसावं. १९८१ च्या मे महिन्यात त्या इथेच वारल्या. मधल्या काळात गावाच्या दुसऱ्या टोकाला, नॉर्थ कॅरोलायना सेंट्रलमध्ये, ट्रम्पेटवादक डोनल्ड बर्ड मुलांना घेऊन रेकॉर्डसुद्धा काढत होते. त्याआधी वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांचाच एक बँड उभा केला होता आणि १९७५ साली त्या बँडचं एक गाणं अमेरिकेच्या पहिल्या दहांत जाऊन बसलं. गृहपाठ असावा तर असा!

विद्यापीठांना हे शहाणपण सहजी सुचलेलं नाही. टेक्सासमधल्या ज्या कॉलेजाने १९४७ साली जॅझची पहिली पदवी सुरू केली, त्यांनी तिला नाव दिलं 'डान्स बँड'. जॅझ हा शब्द पदवीच्या कागदावर शोभला नसता. कितीतरी संगीत विद्यालयांत सरावाच्या खोलीत जॅझ वाजवताना सापडलं तर मुलांना बाहेर काढत. पुढे रॉक आलं, क्लब बंद पडत गेले, मोठे बँड पोसणं परवडेना, आणि ज्या वादकांना दारात उभं करत नव्हते त्यांनाच प्राध्यापकीची पत्रं गेली. वादकांनीही ती घेतली. पगार, आजारपणाचा विमा, रात्री आपल्या बिछान्यात झोप. मॅसॅच्युसेट्‌समध्ये मॅक्स रोच आणि आर्ची शेप, हार्टफर्डला जॅकी मॅक्लीन. या माणसांची स्वतःची शाळा म्हणजे रात्री दोन वाजताचं स्टेज. ड्रमवादक आर्ट ब्लेकीच्या बँडमध्ये तीस-पस्तीस वर्षं तरुण पोरं येत राहिली, दोन-तीन वर्षं मार खात शिकली आणि स्वतःचा बँड काढायला बाहेर पडली. वेन शॉर्टर त्यातला, फ्रेडी हबर्ड त्यातला. मार्सालिस भाऊही त्यातलेच. त्यांच्यातला थोरला ब्रॅनफर्ड पुढे आमच्या डरहॅमला राहायला आला आणि नॉर्थ कॅरोलायना सेंट्रलमध्ये शिकवू लागला. ब्लेकी १९९० मध्ये गेले. तसल्या शाळा आता नाहीत. मागून घेतलेला बेस, दोन तास आणि मागच्या रांगेतली एक खुर्ची, एवढा तिचा तुकडा शिल्लक आहे.

हे सगळं मला इतकं ओळखीचं का वाटावं? मिरजेमुळे. कुरुंदवाडचा एक मुलगा फटाक्याने डोळे भाजल्यामुळे उपचारांसाठी मिरजेला येतो, दृष्टी अधू राहते, म्हणून त्याला गाण्याला घालतात, आणि तो बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या घरी राहून शिकतो. विष्णु दिगंबर पलुस्कर. पुढे ते घर सोडून त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. घंटा, वर्ग, फी, परीक्षा. गाणं शिकायला गुरूच्या घरचं पाणी भरायची गरज नाही आणि गाणारा माणूस चारचौघांत बसायला लायक असतो, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. तिकडे मुंबईचे वकील भातखंडे गावोगाव फिरून उस्तादांकडच्या बंदिशी स्वरलिपीत उतरवत होते आणि उस्ताद त्या देताना हात आखडता घेत होते. त्यांचा सगळाच स्वार्थ होता असं मला वाटत नाही. पिट्सबर्गच्या त्या आईला जी भीती वाटली, त्यातली थोडी त्यांनाही वाटली असणार. कागदावर गेलं की हातातून जाईल.

मी त्या कागदाच्या बाजूचं अपत्य. गांधर्व मंडळाच्या परीक्षा दिल्या. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा. हाताने टाळी-खाली दाखवत झपतालाची दुगुन म्हणायची, 'कायदा आणि पेशकार यांतील फरक स्पष्ट करा' याला दहा मार्कांचं उत्तर लिहायचं. परीक्षक परगावचे. रिक्षातून उतरायचे, सरबत घ्यायचे, एका दिवसात तीस मुलं निकाली काढायचे. हेही पाहुणेच, पण त्यांच्या हातात पेन असायचं. मध्यमा पूर्णला मला प्रथम श्रेणी मिळाली. आईने शेजारी पेढे वाटले.

त्याच वर्षी गणपतीत गल्लीच्या मंडळाने बाहेरगावच्या एका गवयांना बोलावलं आणि ठरलेला तबलजी तापाने आडवा झाला. "अरे, आपला पोरगा आहे की, फर्स्ट क्लास!" मला बसवलं. त्यांनी विलंबित एकताल धरला. माझ्या परीक्षेतल्या एकतालापेक्षा तो इतका सावकाश होता की दोन मात्रांमध्ये मला स्वतःच्या छातीचे ठोके ऐकू येत होते. तिसऱ्या की चौथ्या आवर्तनात ते एका तानेत गेले आणि मी ऐकत राहिलो. म्हणजे खरोखरच ऐकत राहिलो. ठेका कुठे होता ते विसरलो. त्यांनी गाणं न थांबवता हात पुढे केला आणि मांडीवर थाप मारून सम दाखवली. एकदा, दोनदा, तीनदा. दोष त्यांचा नव्हता. गाणं सांभाळायलाच हवं होतं. पण मंडपातल्या शेवटच्या सतरंजीवरच्या माणसालाही ती थाप दिसली. त्यानंतर पाहुण्यांना वाजवून दाखवायला आईने मला कधी सांगितलं नाही.

आपल्याकडे विद्यापीठांनी यातून वाट काढायचा प्रयत्न केलाच नाही असं नाही. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात गुरुकुल पद्धत आहे. मूल विद्यापीठाचं, पण शिकतं बाहेरच्या गुरूंकडे. ही युक्ती मला नेहमीच शहाणी वाटत आली आहे. अमेरिकेत मूल तिथेच राहतं आणि गुरू फिरतीवर असतो.

सगळेच फिरते गुरू या बेसवाल्यांसारखे नसतात, हेही सांगायला हवं. त्यानंतर मी पुष्कळ कार्यशाळांना जाऊन बसलो. एका प्रसिद्ध वादकाने दोन तासांपैकी पावणेदोन तास आपण कोणाकोणाबरोबर वाजवलं ते सांगितलं. किस्से फर्मास होते, मुलांनी वाद्यं पेटीतून काढलीच नाहीत. दुसऱ्या एका तरुण पियानोवाल्याने पडद्यावर आकृत्या दाखवून समाजमाध्यमांवर श्रोते कसे वाढवायचे ते शिकवलं. मुलं वहीत लिहून घेत होती आणि त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही, पोट त्यांना भरायचंय. कधी कधी वाद्यं विकणारी कंपनीच कलाकार पाठवते, मग सिंबलचं कौतुक जरा जास्तच होतं. आणि पुष्कळदा वर्गच थंड असतो. हजेरीचे गुण मिळतात म्हणून आलेली पोरं मागे बसून मेसेज करत असतात. पाहुण्याने काय करावं? पुडी द्यावी आणि जावं.

रोज शिकवणाऱ्या मास्तरांवर यात थोडा अन्याय होतो. ते वर्षभर 'हळू वाजवा' म्हणून घसा कोरडा करतात आणि कोणीतरी टोपीवाला येऊन भिंतीतला प्लग काढतो. त्या दिवशी मी मास्तरांकडे बघत होतो. ते कोपऱ्यात उभे राहून अगदी मोकळेपणाने हसत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच मुलांबरोबर पाहुण्यांचा कार्यक्रम. सभागृह निम्मं भरलेलं, पहिल्या दोन रांगांत मुलांचे आईवडील. विभागाचा तो उपाशी बेस आज पाहुण्यांच्या हातात होता आणि त्याला कोणीतरी नव्या तारा चढवल्या होत्या. अ‍ॅम्प्लिफायर होता, पण आवाज बेताचा. तिसरं की चौथं गाणं कालचंच निघालं. ड्रमवाला मुलगा काठ्या खाली ठेवून ब्रशवर आला. सॅक्सचे दोन फेरे झाले, पियानोचा एक झाला, मग ट्रम्पेट.

या साच्यात एक खड्डा आहे. फेऱ्याच्या शेवटी स्थायी असते आणि पुढच्या फेऱ्याची सुरुवात दोन स्थायींनी होते, म्हणजे एकासारखे एक तीन तुकडे ओळीने येतात. तुम्ही दुसऱ्यात आहात की तिसऱ्यात, हे एकदा सुटलं की सुटलं. ट्रम्पेटवाला रंगात येऊन वर चढत होता, ड्रमवाला त्याच्याकडे बघत होता, आणि मला दिसलं की हा ऐकत राहिलाय. हात फिरत होते, लय जागच्या जागी होती, पण तुकड्याच्या तोंडाशी जो छोटासा उठाव द्यायचा तो त्याने दिला नाही. मग भलत्याच ठिकाणी दिला. त्याची नजर कुठे ठेवावी ते त्याला कळेना. माझे तळवे ओले झाले.

पाहुण्यांनी मान वळवली नाही. डोळेही उघडले नसावेत. चार बार आधीपासून त्यांच्या पावलांची चाल बदलली. स्वर एकेक पायरी उतरत आले, अगदी ठरवून, एखाद्याला अंधारात जिना दाखवावा तसे, आणि ब्रिजच्या पहिल्या मात्रेवर त्यांनी सर्वांत खालची तार अशी सोडली की ती माझ्या खुर्चीच्या पाठीत घुमली. मुलाचा ब्रश बरोब्बर तिथे पडला. पहिल्या दोन रांगांत कोणाचीही मान हलली नाही. ट्रम्पेटवाल्यालासुद्धा कळलं असेल असं वाटत नाही.

कार्यक्रम संपल्यावर लोक निघून गेले तरी मी रेंगाळलो. मुलगा स्टेजवर बसून सिंबल एकेक करून पिशवीत भरत होता. मी काल मागे बसलो होतो हे त्याने ओळखलं. बोटं मोजणारा माणूस म्हणून ओळखलं असावं. राहवेना म्हणून विचारलंच, "ट्रम्पेटच्या वेळी सुटलं होतं ना?"

तो लाल झाला. "कळलं तुम्हाला?"

"मला सवय आहे," मी म्हटलं. "त्यांना पण कळलं. नंतर काही बोलले का?"

"हो, आत बोलवून घेतलं होतं." त्याने पिशवीची चेन ओढली. "म्हणाले, या गावात रात्री दहानंतर गरम जेवायला कुठे मिळतं?"

"मग?"

"वॅफल हाउस सांगितलं. तिकडेच चाललोय आम्ही सगळे. त्यांनी मला पुढच्या सीटवर बसायला सांगितलंय, रस्ता दाखवायला."